डब्यातलं ‘अहो’

माझ्या दादाला आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून जमल्या: एका चिपवरचं बिऱ्हाड दुसऱ्या चिपवर हलवणं, आणि नियम पाळणं. पहिलीवर त्याचं पोट चाललं आणि दुसरीनं त्याचा घात केला. मी त्याची धाकटी बहीण. त्याच कंपनीत परवाने देण्याच्या टेबलावर माझी हयात गेली, त्यामुळे त्याच्याबद्दल असं बोलायचा मला हक्क आहे आणि मी तो सोडणार नाही.

आधी काम काय होतं ते सांगते. वॉशिंग मशीन, लिफ्ट, दवाखान्यातला सलाईनचा पंप, अशा वस्तूंच्या पोटात नखाएवढी चिप असते. बटण दाबलंय का बघ, मोटर फिरव, दिवा लाव, अशी सतरा कामं तिच्यामागे एकदम लागलेली असतात. कुठलं आधी आणि कुठलं मागून, हे क्षणाक्षणाला ठरवणारा एक छोटा प्रोग्राम आत बसवलेला असतो. तो आम्ही बनवायचो आणि त्याला कर्नल म्हणायचो. वहिनीला हा शब्द फार आवडायचा. दादा उशिरा घरी आला की ती दारातच विचारायची, “काय, कर्नलसाहेबांनी सोडलं का आज?”

बाजारात नवी चिप आली की जुना कर्नल तिच्यावर आपोआप चालत नाही. सामान तेच, पण घर नवं. नळ भलतीकडे, खिडक्या भलतीकडे, खिळे पुन्हा ठोकायचे. याला पोर्ट करणं म्हणतात आणि आमच्याकडे ते दादा करायचा. तो पोर्ट करायचा, मी गिऱ्हाइकाला परवाना द्यायचे. परवान्यात एक अट ठळक होती: माल बाहेर पाठवण्याआधी चिपला आतून कुलूप लावायचं, म्हणजे कोणी आमचा कर्नल उपसून चोरून नेणार नाही. या कुलपाला किल्ली नसते. ते काढायला गेलं की चिप आधी स्वतःला आतून पूर्ण पुसते आणि मगच उघडते. बाहेरची माणसं हे ऐकून हसायची, पण आमच्या धंद्यात ते रोजचं होतं.

वहिनी म्हणजे तोंडाचा पट्टा. भाजीवाल्यापासून आमच्या साहेबांपर्यंत तिनं कोणाला सोडलं नाही. मला ती मुद्दाम ‘वन्सं’ म्हणायची, जुन्या काळातल्या सुनेसारखा पदर सावरल्याचं नाटक करून. दादा तिच्या अगदी उलट. तो कामात असला की ती हाक मारायची, “अहो,” आणि तो मान न वळवता म्हणायचा, “हं.” पुन्हा “अहो,” पुन्हा “हं.” त्या ‘हं’चा अर्थ ऐकलं असा मुळीच नव्हता. ती मग माझ्याकडे बघून डोळे फिरवायची आणि आम्ही दोघी हसत सुटायचो.

दादाची मुलगी मनी बालवाडीत जायला लागली त्या वर्षी वहिनीचा घसा बसला तो उठेचना. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, लवकर काढलेलं बरं. बाई जगेल, पण बोलणार नाही. वहिनी घरी आल्यावर बराच वेळ गप्प बसून होती. मग म्हणाली, “बघा, आत्तापासूनच सवय करतेय.” मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

दादा रडला नाही. तो दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेला आणि आवाज न येणारी आमची तपासणीची खोली त्यानं मागून घेतली. बोलणारा डबा करायचं त्यानं ठरवलं होतं. हातात मावेल एवढा, वर बटणं, बटणांवर चित्रं. बटण दाबलं की वहिनीच्याच आवाजातलं वाक्य बाहेर यायचं. खाली अर्थात आमचाच कर्नल. वाक्यं चिपच्या पोटातच राहणार होती, आणि त्या काळच्या चिपचं पोट ते केवढं! मोजकीच वाक्यं मावणार होती.

ती निवडायला आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. दादानं सगळी कामाची वाक्यं काढली होती. पाणी हवंय. दुखतंय. डॉक्टरांना बोलवा. वहिनीनं त्यातली निम्मी उडवली.

“दुखलं तर माझ्या तोंडावर दिसेल की. त्याला कशाला जागा?”

“मग काय घालायचं?” दादा म्हणाला.

“‘मने, जेवलीस का?’ हे घाला. पोरगी शाळेतून आली की मी दुसरं काय विचारणार आहे? आणि ‘खोटं बोलू नकोस,’ हेपण. तेही तिलाच लागेल.”

“मला काही नाही?” मी म्हटलं.

“‘वन्सं, चहा ठेवू का?’” ती म्हणाली. “पण ठेवायचा तुम्हीच हं.”

डबा सुरू केल्यावर स्पीकर चालतोय हे कळावं म्हणून एक वाक्य आपोआप वाजणार होतं. तिथं दादानं ‘एक, दोन, तीन’ लिहिलं होतं. वहिनी म्हणाली, “मी काय कवायत घेणार आहे? ते खोडा.” मग तिनं त्या जागी घातलं, “अहो, ऐकलंत का?” रेकॉर्डिंगला त्या तपासणीच्या खोलीत ती हे वाक्य बोलली तेव्हा शेजारी बसलेला दादा पटकन “हं” म्हणाला, आणि त्याच्या ‘हं’मुळे ते पुन्हा घ्यावं लागलं.

आमच्या साहेबांनी त्या एका डब्याचा परवाना फुकट देऊन टाकला, तेवढं माणूसपण त्यांच्यात होतं. डबा तयार झाला आणि दादा त्याला कुलूप लावायला बसला. मी म्हटलं, “अरे, घरच्या डब्याला कुलूप कशाला? वहिनीच्या उशाखालून कर्नल कोण चोरणार आहे?”

“अट आहे.”

“ती अट मीच टाइप केलीय. मीच सांगतेय, राहू दे.”

“मग उद्या गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडानं सांगशील?” असं म्हणून त्यानं कुलूप लावलं. तेही असंतसं नाही. कोणी आडमार्गानं आत शिरायला बघतंय असा संशय जरी आला, तरी सगळं पुसून टाक, असा हुकूम त्यानं आत लिहून ठेवला. आणि वॉचडॉग बसवला. वॉचडॉग म्हणजे चिपमधला पहारेकरी. बाकीच्या कामांनी त्याला सारखी हजेरी द्यायची. एखादं काम अडकलं, हजेरी चुकली, की हा सगळ्यांना बाहेर काढतो आणि डबा पहिल्यापासून सुरू करतो. आजारी माणसाच्या हातातली वस्तू अडकून पडता कामा नये, म्हणून दादानं या पहारेकऱ्याला अगदी थोडा धीर दिला होता.

शस्त्रक्रिया झाली आणि डबा घरात बोलायला लागला. वहिनी त्याला ‘माझी सवत’ म्हणायची, म्हणजे पाटीवर तसं लिहायची. मनीला तर आईचा आवाज म्हणून तोच कळायचा. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आत डबा विचारायचा, “मने, जेवलीस का?” ती खोटंच ‘हो’ म्हणायची आणि लगेच डबा म्हणायचा, “खोटं बोलू नकोस.” दादा कामात असला की वहिनी डबा बंद करून पुन्हा सुरू करायची. “अहो, ऐकलंत का?” आणि हा आपला, “हं.” ती परत बंद, परत सुरू. शेवटी तो वैतागून मान वळवायचा, आणि ती आवाज न करता हसत असायची.

काही वर्षं अशी गेली. मग दुखणं दुसरीकडे उलटलं आणि वहिनी गेली. दादानं डबा तिच्या कपाटात, तिच्या साड्यांवर ठेवून दिला. त्या भिंतीच्या पलीकडे गरम पाण्याचा बॉयलर होता. चिपला उष्णता सोसत नाही हे जगाला शिकवणाऱ्या माणसानं हे केलं, कारण वहिनीच्या वस्तू तिथंच असायच्या.

पुढे आमची कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. जाताना आपापल्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून द्यायचं, असा नियम आला. वहिनीचं मूळ रेकॉर्डिंग दादाच्या मशीनवर होतं. दुसरा कोणी असता तर गुपचूप घरी घेऊन आला असता. आमचा दादा म्हणाला, “ऑफिसच्या खोलीत, ऑफिसच्या मशीनवर केलेलं काम आहे. आणि आवाज घरी डब्यात आहेच ना.” त्यानं स्वतःच्या हातानं ते पुसलं. वहिनी बोलत असताना फोनवर का नाही उतरवून घेतलं, असं आता सगळे मला विचारतात. तेव्हाचे फोन फक्त बोलायचे, आणि समोर बसलेल्या माणसाची नक्कल करून ठेवावी असं कोणाच्या डोक्यात येतं?

यंदा मनीला दिवस गेले. तिला सारखी आई आठवायला लागली. एका रविवारी ती आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, “बाबा, आईचा डबा काढा ना. मला ‘मने, जेवलीस का’ ऐकायचंय. आता तो आवाज डोक्यात नीट येतच नाही. कधी आत्याचा येतो, कधी माझाच.”

दादानं डबा काढला, पुसला, नवी बॅटरी घातली आणि सुरू केला.

“अहो, ऐ...”

दिवा विझला, पुन्हा लागला. “अहो, ऐ...” पुन्हा विझला. “अहो, ऐ...” मनीनं तिचं बटण दाबलं, जोरात दाबलं, पण डबा तेवढंच म्हणत राहिला. दादा टेबलाशी उभा होता आणि प्रत्येक वेळी त्याच्या तोंडून आपोआप निघत होतं, “हं. हं.” मी शेवटी डबा बंद केला.

काय झालं असावं ते त्यानं त्याच संध्याकाळी ओळखलं. उष्णतेनं चिपमधली थोडीशी अक्षरं विटली होती. सुरू झाल्यावर एक काम वाक्य वाजवायला घेतं, तेवढ्यात दुसरं काम बाकीची वाक्यं जागेवर आहेत का बघायला जातं. ते विटलेल्या जागी अडखळून पडत होतं. हजेरी चुकली की वॉचडॉग सगळ्यांना हाकलत होता. त्याच्या धीरात ‘अहो, ऐ’ एवढंच मावत होतं.

“मग त्या जागेला वळसा घालणारा प्रोग्राम भर की,” मी म्हटलं. “तुझ्या डाव्या हातचा मळ आहे.”

“भरायला आधी कुलूप काढावं लागेल,” दादा म्हणाला, “आणि काढायला गेलं की ती सगळं पुसणार.”

उरला एकच मार्ग, आडमार्ग. चिप सुरू होताना कुलूप लावलंय का हे क्षणभर तपासते. नेमक्या त्या क्षणी तिची वीज किंचित खाली ओढली, तर ती गोंधळते आणि दार उघडं सोडते. पहारेकऱ्याला शिंक यावी आणि तेवढ्यात आपण आत सटकावं, असला प्रकार. पण तो क्षण शोधायला दादाला त्याचाच जुना पोर्ट ओळीओळीनं बघायला हवा होता, आणि तो आता मोठ्या कंपनीच्या मालकीचा. दादा परवानगीशिवाय बघणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून मी फोन केला. आयुष्यभर लोकांनी मला ज्या आवाजात विनवलं, तोच आवाज काढून मी तिथल्या परवान्याच्या मुलीला विनवलं. सगळी हकीकत सांगितली.

ती म्हणाली, “मॅडम, त्याला परवाना लागतच नाही. तो जुना कर्नल आम्ही कधीच सगळ्यांसाठी खुला केला. नेटवर आहे. घ्या उतरवून, वाटा, विका, काहीही करा.”

“आणि कुलपाची अट?”

“कसलं कुलूप?” ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि मला इतका संताप आला की समोर दादा नसता तर मी काहीतरी फोडलं असतं. ज्याची चोरी होऊ नये म्हणून त्यानं माझ्या वहिनीला आत कोंडून घातलं, तो कर्नल आज जगभर फुकट वाटला जात होता. आत राहिली ती एकटी वहिनी. मी हे सगळं त्याला बोलले, नको तेवढं बोलले. त्यानं ऐकून घेतलं. मग तो पोर्ट उतरवून घेतला आणि वाचायला बसला. वर त्याचं नाव कुठंच नव्हतं, पण ओळींच्या मध्ये त्याचे शेरे तसेच होते. ‘इथं हात लावू नये. मी लावला होता.’ तो ते वाचून हसला, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

जेवणाच्या टेबलावर त्यानं तारा, मीटर, वीज ओढायचं यंत्र मांडलं. जुन्या बाजारातून तसल्याच चिपा आणल्या. त्यांना तसंच कुलूप लावायचं आणि तेच फोडायचं, असा त्याचा उद्योग सुरू झाला. एखादी उघडायची. बहुतेक पुसल्या जायच्या. एक दिवस तो म्हणाला, “कुलूप फार चांगलं लागलंय गं.” त्याचा आवाज असा होता की मी टोमणा गिळला.

मनीला बोलावून त्यानं सरळ सांगितलं, “साधलं तर सगळं मिळेल. नाही साधलं तर जे येतंय तेही जाईल. अशीच ठेवली तरी ती जास्त दिवस बोलणार नाही. करू का?”

मनीनं ‘अहो, ऐ’ एवढं फोनवर आधीच उतरवून घेतलं होतं. ती तरी म्हणाली, “पण डब्यातलं ‘अहो’ तुमचं आहे, बाबा. ते जाईल.”

“माझं ऐकून झालंय,” दादा म्हणाला. “तुझं राहिलंय.”

तो खोटं बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होता. त्याचं मुळीच ऐकून झालेलं नव्हतं, आणि हे त्याला, मला आणि मनीला, तिघांनाही कळत होतं. तरी मनीनं होकाराची मान हलवली.

दुपारची वेळ होती. खिडकीतून टेबलावर ऊन आलं होतं म्हणून मी पडदा ओढला. मनी पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली. दादानं डबा उघडला, केसाएवढ्या तारा लावल्या, चष्मा वर केला, खाली केला. त्यानं कळ दाबली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं धावायला लागली. चिपच्या पोटातलं बाहेर येत होतं. मनी एकदम पुढं झाली. “बाबा, उघडलं?”

“उघडलं,” दादा म्हणाला.

मी पडद्याकडे नीट पाहिलं. ओळीमागून ओळ, वरपासून खालपर्यंत, एकच अक्षर होतं. एफ, एफ, एफ, एफ. मी परवान्यांच्या टेबलावरची बाई, पण एवढं मलाही कळत होतं.

“हे आईचं आहे?” मनीनं विचारलं.

“नाही गं,” दादा म्हणाला. “हे कोरं आहे. पुसून मग उघडली ती.”

मनी रडली. मीही रडले, अगदी मोठ्यानं. दादानं एकेक तार सोडवली, गुंडाळली, आणि डब्याचं झाकण लावून त्याचे स्क्रू जागच्या जागी बसवले. मग तो मनीच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “मी लावायला नको होतं ते कुलूप.” तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. एवढंच तो त्याबद्दल बोलला. तिनं नंतर एकदा फोनवरचं ‘अहो’ त्याला लावून दाखवायला घेतलं, तर म्हणाला, “तुझ्याकडेच राहू दे.”

मला वाटलं डबा आता पुन्हा कपाटात जाईल. तसं झालं नाही. परवा मी त्याच्याकडे गेले तर डबा टेबलावर, त्याच्या चष्म्याशेजारी होता. त्यानं त्यात तो फुकटचा कर्नल नव्यानं भरलाय. चोख चालतो. कुलूप नाही. बटणांवरची चित्रं तशीच आहेत, दाबली तर काही होत नाही. आत करायला कामच नाही, म्हणून कर्नल नुसता वेळ मोजत बसतो.

“कशाला भरलास मग?” मी विचारलं.

“चालू होतोय का बघत होतो,” तो म्हणाला.

मी चहा ठेवायला आत गेले. माझ्या मागे डब्याची कळ दाबल्याचा आवाज आला. मी दारातून वळून पाहिलं. डब्याचा दिवा लागला होता. दादा वर्तमानपत्रात मान घालून बसला होता. खोलीत कसलाच आवाज नव्हता. वाक्य वाजायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ गेला, आणि मग दादानं पेपर खाली ठेवला, डब्याकडे पूर्ण वळून बसला, आणि म्हणाला, “हं.”